मंत्री नसलेले मंत्री : बॉनमधले पहिले सात

नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी टीव्हीवर बघताना घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो : कॅबिनेट मंत्री समजले, पण हे राज्यमंत्री नेमकं काय करतात? खातं एक आणि मंत्री दोन, मग निर्णय कोणाचा आणि सही कोणाची? आपल्याकडे याचं उत्तर खात्यागणिक बदलतं. कॅबिनेट मंत्री किती विषय सोपवतो, कुठल्या फायली खाली जाऊ देतो, यावर सगळं अवलंबून. ‘खातं दिलं, अधिकार दिले नाहीत’ ही राज्यमंत्र्यांची तक्रार महाराष्ट्राच्या कानांना नवी नाही.

पश्चिम जर्मनीने १९६७ मध्ये या प्रश्नाला कायदा करून हात घातला. तोवर तिथे केंद्रात राज्यमंत्री हा प्रकारच नव्हता. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तेव्हाची राजधानी बॉनमध्ये सात खासदारांची नेमणूक झाली आणि मंत्री व खासदार यांच्या मधलं एक नवं पद जन्माला आलं. या पदाला जे दिलं त्यापेक्षा जे मुद्दाम दिलं नाही, तेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते समजून घ्यायचं तर आधी जर्मन मंत्रालयाची रचना बघावी लागेल.

१. सरकारमध्ये कोण आणि बाहेर कोण

आपल्या राज्यघटनेप्रमाणे कॅबिनेट मंत्री, राज्यमंत्री आणि उपमंत्री हे सगळे मंत्रिपरिषदेचे सदस्य असतात. पायऱ्या वेगवेगळ्या, पण घर एकच. जर्मनीत तसं नाही. तिथल्या घटनेचं ६२वं कलम एका ओळीत सांगतं की संघराज्याचं सरकार म्हणजे चॅन्सेलर आणि मंत्री. बस. त्या ओळीत तिसऱ्या कोणाला जागाच नाही.

मग मंत्र्याच्या हाताखाली कोण? तिथे असतो राज्यसचिव. हा सनदी अधिकारी, म्हणजे आपल्याकडच्या खात्याच्या सचिवासारखा. मंत्री बाहेर असला की मंत्रालयाचा कारभार तोच बघतो. अधिकारी असला तरी त्याच्यावर मंत्र्याचा विश्वास असणं इतकं आवश्यक मानलं जातं की विश्वास उडाला तर त्याला कारण न देता तात्पुरत्या निवृत्तीवर पाठवता येतं. या अधिकाऱ्याला आपण ‘सनदी राज्यसचिव’ म्हणू. पुढे येणाऱ्या दुसऱ्या राज्यसचिवापासून त्याला वेगळं ठेवणं गरजेचं आहे.

सरकारात तिसऱ्याला जागा नाही, याला जर्मनीतच एक अपवाद होता. बव्हेरिया प्रांताच्या १९४६ च्या घटनेत राज्यसचिव हे सरळ प्रांतिक सरकारचे सदस्य आहेत. म्हणजे दुय्यम मंत्री ही कल्पना जर्मनांना परकी नव्हती. केंद्रात मात्र ती आणायला १९६७ उजाडावं लागलं.

२. अडचण काय होती

कोनराड आडेनाउअर १९४९ ते १९६३ अशी चौदा वर्षं चॅन्सेलर होते. त्यांच्या काळात सनदी राज्यसचिवांचं वजन फार वाढलं. सगळ्यात ठळक उदाहरण हान्स ग्लोब्के यांचं. १९५३ ते १९६३ ते चॅन्सेलर कार्यालयाचे राज्यसचिव होते आणि सरकारचे धागे त्यांच्या हाती होते. नाझी राजवटीतल्या न्युर्नबर्ग वंशकायद्यांवर भाष्य लिहिणाऱ्यांपैकी ते एक, त्यामुळे त्यांच्यावर टीकेची झोड उठत राहिली. पण ते कुठूनही निवडून आलेले नव्हते. ज्यांच्यावर संसद इतकी नाराज, त्यांना मतदारांपुढे उभं राहण्याची वेळच येत नव्हती.

दुसरी अडचण रोजची होती. संसदेत प्रश्नोत्तराचा तास असतो. मंत्री ब्रुसेल्सला गेलेले असले तर उत्तर द्यायला उभं राहायचं कोणी? सनदी राज्यसचिवाने. अधिकारी माहिती उत्तम देतो. पण खासदाराचा प्रश्न वरवर आकड्यांचा असतो आणि आतून राजकीय असतो : ‘तुमच्या सरकारने असं का केलं?’ या ‘का’चं उत्तर अधिकाऱ्याने द्यायचं म्हणजे पक्षाची बाजू सरकारी नोकराने लढवायची. हे दोघांवरही अन्याय करणारं होतं, विचारणाऱ्यावरही आणि उत्तर देणाऱ्यावरही.

तिसरी अडचण वेळेची. १९५७ च्या रोम करारानंतर सहा देशांच्या युरोपीय आर्थिक समुदायाच्या बैठका वाढत गेल्या. मंत्र्याला मंत्रिमंडळ, संसद, पक्ष, मतदारसंघ आणि ब्रुसेल्स या सगळ्या ठिकाणी हजर राहायचं होतं, आणि दिवस वाढत नव्हता.

३. दोन मोठ्या पक्षांची युती

१ डिसेंबर १९६६ रोजी सत्तेवर आलेल्या सरकारने हा गुंता सोडवला. चॅन्सेलर झाले ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे कुर्ट गेऑर्ग कीसिंगर. उपचॅन्सेलर आणि परराष्ट्रमंत्री झाले सोशल डेमोक्रॅट पक्षाचे विली ब्रांट. तोवर एकमेकांशी लढलेले दोन मोठे पक्ष प्रथमच केंद्रात एकत्र बसले. अर्थव्यवस्था मंदीत होती. अर्थव्यवहार खातं सोशल डेमोक्रॅट कार्ल शिलर यांच्याकडे आणि वित्त खातं बव्हेरियाच्या ख्रिश्चन सोशल युनियनचे फ्रान्स योझेफ श्ट्राउस यांच्याकडे होतं. या दोघांची जोडी त्या काळात लोकांच्या कौतुकाचा विषय झाली होती.

अशा युतीत मंत्रिपदं मोजकी आणि इच्छुक फार. कामाची गरज आणि युतीची गरज इथे एकत्र आली, हे लपवण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये खासदारांतून दुय्यम मंत्री नेमण्याची जुनी पद्धत आहेच. तिच्याकडे बघत बॉनच्या संसदेने ६ एप्रिल १९६७ चा कायदा केला आणि ‘संसदीय राज्यसचिव’ हे पद निर्माण झालं.

कायद्याचा गाभा थोडक्यात असा. हा माणूस संसदेचा सदस्य असलाच पाहिजे. त्याचं काम एकच : मंत्र्याला त्याच्या कामात साहाय्य करणं. नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, ती चॅन्सेलरच्या सूचनेवरून आणि संबंधित मंत्र्याच्या संमतीने. त्याला कधीही दूर करता येतं. मंत्री गेला की त्याचंही पद संपतं.

आता इथे एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. हा साधा कायदा होता, घटनादुरुस्ती नव्हती. ६२व्या कलमात दोन शब्द घातले असते तर हे नवे लोक सरकारचे पूर्ण सदस्य झाले असते. त्यासाठी दोन-तृतीयांश मतं हवी होती. ४९६ पूर्ण मताधिकाराच्या खासदारांपैकी ४४७ युतीचे होते. लागणार होती ३३१. म्हणजे ताकद मुबलक होती, आणि १९६८ मध्ये आणीबाणीच्या तरतुदींसाठी याच युतीने घटना बदललीही. तरी या पदासाठी बदलली नाही. माझ्या मते यातच शहाणपण होतं. खात्याचा जबाबदार माणूस एकच राहिला. चूक झाली तर ‘ते राज्यमंत्र्यांनी केलं’ असं म्हणून मंत्र्याला बाजूला होता येत नाही.

४. सात नावं

एप्रिल १९६७ मध्ये नेमले गेलेले सात जण असे. चॅन्सेलर कार्यालयात कार्ल थेओडोर त्सू गुटेनबर्ग. परराष्ट्र खात्यात ब्रांट यांच्याबरोबर गेरहार्ड यान. गृहखात्यात पाउल ल्युके यांच्याबरोबर एर्न्स्ट बेंडा. वित्त खात्यात श्ट्राउस यांच्याबरोबर आल्बर्ट लाइश्ट. अर्थव्यवहार खात्यात शिलर यांच्याबरोबर क्लाउस डीटर आर्न्ट. संरक्षण खात्यात गेरहार्ड श्र्योडर यांच्याबरोबर एडुआर्ड आडोर्नो. (हे श्र्योडर ख्रिश्चन डेमोक्रॅट. पुढे १९९८ मध्ये चॅन्सेलर झालेले त्याच नावाचे गृहस्थ वेगळे.) आणि वाहतूक खात्यात गेऑर्ग लेबर यांच्याबरोबर होल्गर ब्योर्नर. सातांत स्त्री एकही नव्हती.

ही यादी कागदावर मांडली की हिशेब दिसायला लागतो. युतीचे ४४७ खासदार होते : ख्रिश्चन डेमोक्रॅट १९६, बव्हेरियाची ख्रिश्चन सोशल युनियन ४९, सोशल डेमोक्रॅट २०२. सात जागा या प्रमाणात वाटा. १९६ ला ४४७ ने भागून सातने गुणलं की ३.०७ येतात, म्हणजे तीन. ४९ चे ०.७७, म्हणजे एक. २०२ चे ३.१६, म्हणजे तीन. प्रत्यक्षात काय झालं? बेंडा, लाइश्ट आणि आडोर्नो ख्रिश्चन डेमोक्रॅट. गुटेनबर्ग ख्रिश्चन सोशल युनियनचे. यान, आर्न्ट आणि ब्योर्नर सोशल डेमोक्रॅट. तीन, एक, तीन.

दुसरी गोष्ट म्हणजे मंत्री ज्या गोटातला, राज्यसचिवही त्याच गोटातला. ब्रांट यांच्यावर नजर ठेवायला कीसिंगर यांनी आपला माणूस परराष्ट्र खात्यात बसवला नाही. आपल्याकडच्या युती सरकारांत कॅबिनेट मंत्री एका पक्षाचा आणि राज्यमंत्री दुसऱ्या पक्षाचा, ही रचना नेहमीची आहे. त्यातून दोघांमध्ये फायलींची ओढाताण सुरू होते. बॉनमध्ये मंत्र्याची संमती कायद्यानेच आवश्यक केल्यामुळे तसा माणूस लादणं अवघड झालं.

या सातांपैकी दोघांवर थोडं थांबायला हवं.

गुटेनबर्ग हे फ्रँकोनियातल्या जुन्या सरदार घराण्यातले. कम्युनिस्ट राजवटींशी तडजोड करण्याला त्यांचा कडवा विरोध होता. पण १९६२ च्या अखेरीस, जेव्हा दोन मोठ्या पक्षांच्या युतीची कल्पना अनेकांना अशक्य वाटत होती, तेव्हा सोशल डेमोक्रॅट नेते हर्बर्ट वेनर यांच्याशी तिच्याविषयी बोलणी करणारेही हेच. ती युती चार वर्षांनी झाली आणि तिच्या केंद्रस्थानी, चॅन्सेलरच्या शेजारी, त्यांना जागा मिळाली. त्यांचे त्याच नावाचे नातू २००९ मध्ये संरक्षणमंत्री झाले.

एर्न्स्ट बेंडा हे बर्लिनचे खासदार. आर्न्टही तिथलेच. त्या काळी पश्चिम बर्लिन दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असल्याने तिथल्या खासदारांना बॉनमध्ये बोलता येई, समित्यांवर काम करता येई, पण कायद्यावरच्या मतदानात त्यांची मतं निकालात धरली जात नसत. बेंडा यांचं नाव देशाला कळलं ते मार्च १९६५ च्या चर्चेत. नाझी काळातल्या खुनांचे खटले मुदत संपल्यामुळे बंद पडू नयेत, यासाठी त्यांनी स्वपक्षातल्या अनेकांचा रोष पत्करून किल्ला लढवला. दोन वर्षांनी ते गृहखात्यात राज्यसचिव झाले. निवडणूक पद्धत बदलण्याचा आपला आग्रह सोशल डेमोक्रॅट मानत नाहीत हे दिसल्यावर ल्युके यांनी १९६८ मध्ये राजीनामा दिला, आणि २ एप्रिलला बेंडा गृहमंत्री झाले. ३० मे १९६८ रोजी आणीबाणीच्या तरतुदी मंजूर झाल्या तेव्हा त्या तडीस नेणाऱ्या या गृहमंत्र्याचं स्वतःचं मत मात्र निकालात धरलं गेलं नाही, कारण ते बर्लिनचे होते. पुढे १९७१ ते १९८३ ते घटना न्यायालयाचे अध्यक्ष होते.

५. काम प्रत्यक्षात कसं चालतं

एक प्रश्न घेऊ. समजा एखाद्या खासदाराने विचारलं, ‘अमुक शहराजवळचा महामार्गाचा टप्पा रखडला आहे, तो कधी पूर्ण होणार?’ प्रश्न लेखी दाखल होतो आणि वाहतूक मंत्रालयात जातो. तिथल्या संबंधित कक्षातला अधिकारी मसुदा करतो. तो विभागप्रमुखाकडून सनदी राज्यसचिवापर्यंत वर चढतो. शेवटी कागद संसदीय राज्यसचिवाच्या हातात येतो. सभागृहात तो वाचून दाखवणं सोपं. खरी कसोटी त्यानंतर. विचारणाऱ्याला दोन उपप्रश्न विचारता येतात आणि त्यांची उत्तरं कागदावर नसतात. आपल्या विधिमंडळात तारांकित प्रश्नावर उपप्रश्नांचा मारा सुरू झाला की मंत्र्याची तयारी कळते, तसंच हे. इथे रस्त्याची माहिती हवी, खजिन्यात पैसा किती हेही ठाऊक हवं, आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या मतदारसंघात काय शिजतंय याचीही जाण हवी. शेवटच्या गोष्टीसाठी खासदारच लागतो.

आता यातलं अधिकारांचं वाटप. लग्नघर डोळ्यांपुढे आणा. मुलीचे वडील म्हणजे मंत्री. त्यांनी शब्द दिला, पैसा त्यांचा, बरं-वाईट त्यांच्या माथी. मुदपाकखान्यापासून पंगतीपर्यंत सगळी व्यवस्था हातात ठेवणारा अनुभवी माणूस म्हणजे सनदी राज्यसचिव. वडील कुठे गेले तर कार्यालयाच्या किल्ल्या त्याच्याकडे. आणि वरपक्षाकडे ऊठबस करणारे, रुसव्याफुगव्यांची आधीच चाहूल घेणारे, वडिलांच्या वतीने चार शब्द बोलणारे मामा म्हणजे संसदीय राज्यसचिव. मामांकडे किल्ल्या नसतात. पण मामा नसतील तर बोलणी अडतात.

नियमांत हे असं उतरलं आहे. संसदीय राज्यसचिव मंत्र्याच्या वतीने संसदेत बोलू शकतो, प्रांतांच्या सभागृहातही बोलू शकतो. मंत्रिमंडळाच्या बैठकीत मंत्र्याऐवजी बसू शकतो, पण त्याला तिथे मत नाही. कायद्यावर मंत्र्याची म्हणून प्रतिस्वाक्षरी लागते, ती त्याची चालत नाही. मंत्रालय चालवण्याचा अधिकार मंत्र्याच्या गैरहजेरीत त्याच्याकडे येत नाही, तो सनदी राज्यसचिवाकडे जातो. यापलीकडे कुठले विषय बघायचे, हे मंत्री ठरवतो. थोडक्यात, या पदाची उंची दर वेळी मंत्र्याच्या विश्वासाएवढी असते. कोणाला अख्खी विषयशाखा मिळते, तर कोणाच्या वाट्याला उद्घाटनं येतात.

परराष्ट्र खात्यात एक व्यावहारिक अडचण आली. परदेशी पाहुण्यांना ‘सचिव’ भेटायला आला की त्यांना अधिकाऱ्यावर बोळवण झाल्यासारखं वाटे. १९७४ च्या नव्या कायद्यानंतर परराष्ट्र खातं आणि चॅन्सेलर कार्यालयातल्या संसदीय राज्यसचिवांना ‘राज्यमंत्री’ म्हणवून घेता येऊ लागलं. अधिकार होते तेवढेच राहिले.

६. शाळा म्हणून

दुय्यम पद हे मोठ्या पदाची शाळा असतं, असं म्हणतात. पहिल्या सातांपुरतं ते बऱ्यापैकी खरं ठरलं. बेंडा गृहमंत्री झाले, यान १९६९ मध्ये कायदामंत्री झाले. एके काळी काँक्रीटच्या कामावर कारागीर असलेले ब्योर्नर १९७६ ते १९८७ हेसन प्रांताचे मुख्यमंत्री होते, आणि १९८५ मध्ये ग्रीन पक्षाला प्रथमच एखाद्या प्रांताच्या सरकारात घेणारेही तेच. १९६९ मध्ये ब्रांट यांनी चॅन्सेलर कार्यालयात काटारिना फोके यांना नेमलं. तीन वर्षांनी त्या मंत्री झाल्या. उलट उदाहरणही आहे. नामवंत समाजशास्त्रज्ञ राल्फ डारेनडॉर्फ १९६९ मध्ये परराष्ट्र खात्यात संसदीय राज्यसचिव झाले आणि वर्षभरही न थांबता १९७० मध्ये युरोपीय आयोगावर गेले.

आयर्लंडमध्ये हीच शाळा कितीतरी आधी भरली होती. तिथल्या १९२४ च्या कायद्याने संसदीय सचिवांची कमाल संख्या ठरवून दिली होती, आणि ती होती सात. १९५१ मध्ये डी व्हॅलेरा यांच्या सरकारात जॅक लिंच नावाचे कॉर्कचे तरुण खासदार संसदीय सचिव झाले. आयरिश भाषा बोलणाऱ्या पश्चिमेकडच्या गरीब भागांचं काम त्यांच्याकडे होतं. नोव्हेंबर १९६६ मध्ये, म्हणजे बॉनमध्ये कीसिंगर येण्याच्या काही आठवडे आधी, लिंच पंतप्रधान झाले.

आणि आपल्याकडे? १९४६ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या सरकारात गृहमंत्री मोरारजी देसाई यांचे संसदीय सचिव म्हणून साताऱ्याकडच्या एका तरुण आमदाराची नेमणूक झाली. ते यशवंतराव चव्हाण. चौदा वर्षांनी ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. गृहखात्याच्या कारभाराशी त्यांची पहिली ओळख या दुय्यम पदावरच झाली.

७. सातांचे सदतीस

शाळा चांगली म्हणून वर्ग वाढवत नेले तर काय होतं, हेही जर्मनीत दिसतं. १९६७ च्या सातांनंतर हे पद एकेका मंत्रालयात पसरत गेलं, मग एका मंत्रालयात दोन-दोन झाले. २०२१ च्या डिसेंबरात ओलाफ शोल्त्स यांच्या तीन पक्षांच्या सरकारात ही संख्या ३७ वर गेली.

परत एक छोटा हिशेब. १९६७ मध्ये ४४७ खासदारांमागे सात, म्हणजे सत्ताधारी बाकांवरच्या सुमारे ६४ जणांत एक. २०२१ मध्ये युतीचे खासदार ४१६ आणि राज्यसचिव ३७, म्हणजे दर अकरा जणांत एक. यांत मंत्री धरलेले नाहीत. सरकारला जाब विचारणं हे खासदाराचं काम. ज्याला सरकारने पद, गाडी आणि कार्यालय दिलं आहे तो सरकारविरुद्ध मत देईल, अशी अपेक्षा कोण ठेवेल? मंत्र्यांना संसदेच्या जवळ आणण्यासाठी निर्माण केलेलं पद संसदेतल्या इतक्या लोकांना सरकारजवळ खेचून घेत असेल, तर तोल बिघडला आहे. तिथल्या करदात्यांच्या संघटनेची तक्रार खर्चाची आहे. मला खर्चापेक्षा ही गोष्ट जास्त गंभीर वाटते.

जर्मन कायद्यात या पदांच्या संख्येवर मर्यादा नाही. आपण ती घातली. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची एकूण संख्या, राज्यमंत्र्यांसह, कनिष्ठ सभागृहाच्या १५ टक्क्यांवर थांबवली. महाराष्ट्र विधानसभेचे सदस्य २८८, म्हणून मुख्यमंत्र्यांसह जास्तीत जास्त ४३ मंत्री. मग पळवाट शोधली गेली : मंत्री नाही म्हणून संसदीय सचिव. दिल्लीत मार्च २०१५ मध्ये एकदम २१ आमदारांना संसदीय सचिव केलं गेलं आणि सप्टेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने त्या नेमणुका रद्द ठरवल्या.

८. खासदार नसलेला संसदीय राज्यसचिव

खासदारकीच्या ज्या अटीवर हे सगळं उभं आहे, तिलाही एक फट पडली आहे. जर्मनीत शिक्षण आणि संस्कृती हे मुख्यतः प्रांतांचे विषय. १९९८ मध्ये सांस्कृतिक कामासाठी केंद्रात एक वजनदार माणूस हवा होता, पण त्याचं पूर्ण मंत्रालय काढणं प्रांतांना रुचलं नसतं. चॅन्सेलर श्र्योडर यांनी प्रकाशक आणि पत्रकार मिखाएल नाउमान यांना आपल्या कार्यालयात आणलं. ते खासदार नव्हते. म्हणून १९९९ मध्ये कायदा बदलला आणि चॅन्सेलर कार्यालयातल्या संसदीय राज्यसचिवापुरती खासदारकीची अट काढून टाकली. नाउमान यांच्यानंतर या जागेवर आलेले युलिआन नीडा-र्‍युमेलिन आणि क्रिस्टीना व्हाइस हेही खासदार नव्हते. मग बर्न्ट नॉयमान, मोनिका ग्र्युटर्स आणि क्लाउडिया रोट असे तीन खासदार ओळीने आले. २०२५ मध्ये फ्रीडरिश मेर्त्स यांनी पुन्हा एक प्रकाशक-पत्रकार निवडले, वोल्फ्राम वायमर. नाटकगृहं, चित्रपट आणि संग्रहालयं यांना त्यांच्यासारखा बाहेरचा जाणकार मिळणं चांगलंच आहे. पण १९६७ चा कायदा ज्या गरजेतून झाला, म्हणजे उपप्रश्नाला उभं राहणारा माणूस त्याच बाकांवरून निवडून आलेला असावा, ती या एका कार्यालयापुरती आता कायद्याची अट राहिलेली नाही.